चढवलेली आठ वर्षं

दुसऱ्या नाल्याशी बुधीबाई तिसऱ्यांदा दम खायला बसली. फाट्यावर एसटीतून उतरून तास झाला होता आणि पाडा अजून तेवढाच लांब. पाड्याची आशा सेविका हेमलता हातात दवाखान्याची फाइल धरून नुसती उभी राहिली. तिचं डोकं तापलं होतं.

ही पाचवी खेप. बुधीबाईच्या हृदयाची झडप खराब झालेली. बदलली की बाई पुन्हा शेतात जाईल, असं डॉक्टरच म्हणाले होते. पण दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने आधार कार्ड पाहिलं आणि फाइल मागे सरकवली. "पंच्याहत्तर. आमच्याकडे सत्तरच्या वर हे ऑपरेशन बसत नाही."

"त्यानी मना तोंडकडे पाहंच नही," बुधीबाई म्हणाली. "सासरा सुनले पाहस, तितलंबी नही."

हेमलताला हसू आलं नाही. ते पंच्याहत्तर तिच्याच हातचं होतं. दहा वर्षांपूर्वी आधारचे फॉर्म तिनेच भरले. म्हाताऱ्यांच्या सरकारी पगाराला पासष्ट वय लागायचं; नुकतीच विधवा झालेली बुधीबाई सत्तावन्नची. हेमलताने आठ वर्षं चढवली. तेव्हा ते पुण्यकर्म वाटलं होतं.

तसं बुधीबाईचं वय कागदावर कायम पुढेच पळालं. बहात्तरच्या दुष्काळात ती चौदाव्या वर्षी खडी फोडायला गेली, तर मुकादमाने अठरा लिहिलं. त्या मजुरीवर तिने तीन धाकटे भाऊ जगवले. पुढे ज्वारी केली, मोहाची फुलं वेचली, दोन मुली उजवल्या. बाळंतपणालाही दवाखाना पाहिला नाही.

"दुरुस्तीला शाळेचा दाखला मागतात," हेमलता म्हणाली. "कुठून आणायचा, अक्का?"

बुधीबाई उठली. दोघी चालू लागल्या. वाघदेवाच्या शेंदरी दगडापाशी हेमलताने हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना. खिडकीवर खरं सांगता आलं असतं. पण खोटं वय लिहिलं म्हणून काम गेलं तर? ती गप्प राहिली होती, आणि बुधीबाईने ते पाहिलं होतं.

बुधीबाई दगडाला टेकून थांबली.

"हेमा, तव्हय तू लिखं, मी अंगठा दिधा. आते तूच लिखी दे, का वय खोटं शे, तूच चढाडेल शे. आते मना अंगठा नही चालाव, बाई. तुनी सही कर."