फरीदाबादच्या गल्लीतले फौजी, माझे आजोबा

लोक दिल्लीला लाल किल्ला बघायला जातात. मी गेले एका मेलेल्या माणसाची चौकशी करायला. आई मेथी निवडता निवडता म्हणाली होती, "मंगल, ते आम्हाला विसरले होते का, एवढं विचारून ये. मग मी डोळे मिटायला मोकळी."

'ते' म्हणजे तिचे वडील, गावात सगळे त्यांना बापू म्हणत. पलटणीत स्वयंपाकी. पेन्शन बसण्याआधीच नोकरी सुटली, मग फरीदाबादला कारखान्यात लागले आणि पुढं पत्र नाही की निरोप नाही. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी रीतीप्रमाणं दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला. आजीनं कुंकू पुसलं. आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. आजही सर्वपित्रीला ती त्यांचं पान वाढते, पण ताट आपटून. पलटणीतल्या एका सोबत्याच्या मुलानं मला फरीदाबादची गल्ली सांगितली, तेवढ्यावर मी निघाले.

साताऱ्याहून निजामुद्दीनला थेट गाडी आहे. डिसेंबरात जाणार असाल तर धुक्यानं गाडी रखडणार हे धरूनच चाला, आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवायचा शहाणपणा करू नका. मी केला. कुडकुडत नोएडाला नणंदेच्या घरी पोचले. सुषमावन्सं तिथं सरकारी नोकरीत आहेत, निम्मं हिंदीतच बोलतात. "अरे यार वहिनी, इतक्या वर्षांनी कोण ओळखणार? पण चलो, बिल्कुल जाऊ."

दुसऱ्या दिवशी बोटॅनिकल गार्डनहून मेट्रो, कालकाजीला बदलून ओल्ड फरीदाबाद. पुढं ई-रिक्षा. वाटेत गाड्यावर छोले-कुलचे खाल्ले. गरम होते, स्वस्तही, पण मी निम्मे तसेच ठेवले. गल्ली अशी की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं. तीन दारांवर नकार मिळाला. चौथ्या दारात वन्संनी विचारलं, "महाराष्ट्र के कोई फौजी रहते थे?" उन्हात बसलेल्या म्हातारीनं मान वर केली.

"फौजी भइया? हमारे ही बगल वाले कमरे में थे. आप कौन?"

"नात," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

रामरती अम्मा नवी नवरी म्हणून उत्तर प्रदेशातल्या पूर्वांचलातून या गल्लीत आलेली. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, चहा टाकला. पत्रा कापायच्या मशीननं आजोबांची बोटं गेली होती, तिनं सांगितलं. रिकाम्या हातानं घरी काय जायचं म्हणून लाजेनं राहिले. पुढं चौकीदारी मिळाली, अंगावर कपडे झाले, तेव्हा गेले. मी दचकलेच. गेले? कुठं?

"गाँव. बिटिया के लिए चूड़ियाँ लेकर. बस अड्डे पर गाँव का एक आदमी उन्हें देखते ही चिल्लाकर भागा. चायवाले ने बताया, तुम्हारा तो क्रिया-करम हो चुका. घरवाली विधवा हो चुकी. वहीं से लौट आए."

पुढं कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, "मरे हुए को क्या होगा?" गल्ली हसायची. फौजीचा विनोद! मी मात्र कप खाली ठेवला. शेवटी वारले ते अम्माच्याच घरी, तिच्या नवऱ्यानं अग्नी दिला. निघताना मी तिच्या पाया पडले.

परत आल्यावर सगळे विचारतात, दिल्ली कशी वाटली? काय सांगू! कुतुबमिनार मेट्रोतूनही दिसला नाही. घराण्याच्या वंशावळीत आजोबांचं नाव होतंच, आता त्या नावाला एक खोली मिळाली, शेजार मिळाला, चेष्टा करायची सवय मिळाली.

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, मन हलकं होईल तिचं. तिनं हातातलं काम बाजूला सारलं. मग म्हणाली,

"ते आले त्या साली गावात बोंब उठली होती गं. स्टँडवर बापूचं भूत दिसलं म्हणून. आई घाबरली. म्हणाली, पोरी, दार लाव. कडी मी घातली."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि डोळे पुसले.

"त्या बाईकडं मला ने. तिनं त्यांना घरात घेतलं."