डोक्यावरचा मनोरा

आखाती युद्धाच्या दिवसांत भीती विसरायला म्हणून सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी प्राचीन भारताच्या वेशभूषेचा कार्यक्रम ठेवला. मी राणी. लेण्यांतली चित्रं बघून, आत लोकरीचा गोळा घालून मी केसांचा असा मनोरा बांधला होता, की दारातून वाकून जावं लागे. अक्कल त्या मानाने बेताची.

तेवढ्यात सायरन वाजला. सगळ्याजणी गॅस मास्क चढवू लागल्या. माझ्या मास्कचा पट्टा मनोऱ्यावरून उतरेचना. आणि तो ओढणारीला मी म्हणते काय, "हळू हं, तीन तास लागलेत."

शेजारी कुणाची तरी पाहुणी होती, कोकणातली नर्स. तिने माझ्या केसांतले आकडे एकेक काढून स्वतःच्या दातांत धरले, झरझर वेणी घातली आणि मास्कचा पट्टा आवळला. मग आकडे माझ्या ओंजळीत ठेवत म्हणाली, "राणीसाहेब, दोन हजार वर्षं टिकलाय हा अंबाडा. उद्या परत बांधू. आता श्वास घ्या."

मी रुसूनच तिच्याकडे पाहिलं. तिचा मास्क अजून तिच्या मांडीवरच होता.

नाव विचारायचं राहिलंच. नातीचे केस बांधताना आकडे मी अजून दातांत धरते. ती म्हणते, "आजी, शी."