गिरणी, तळी आणि विग्नांट

गिरणी आणि तळ्यांच्या यादीत तुमचं नाव कधी वाचलं गेलंय का? हिर्त्सफेल्स गडाचा कारभारी विग्नांट याचं गेलं. भर दुपारी, सगळ्या गडासमोर.

तीन राजांची चाकरी केली त्यानं. कमरेला तलवार, हातात गडाच्या किल्ल्या, पण जन्मानं तो राजाच्या मालकीचा. शेजारच्या मुलखावर राज्य करणाऱ्या बिशपच्या फौजेनं सात महिने वेढा घातला तरी त्यानं गड सोडला नाही. घोडे कापून खाल्ले, सख्खा भाऊ तटावर गमावला. वेढा उठल्यावर राजा स्वतः आला आणि जिन्यात त्याला एकट्याला गाठून म्हणाला, "विग्नांट, तुला मोकळा केला. तुला आणि तुझ्या लेकरांना."

बायको गेर्लिंटनं लगेच विचारलं, "अहो, साक्षीला कोण होतं?"

"राजाकडे साक्षीदार मागू? डोकं फिरलंय का तुझं?"

"सात जणांनी ऐकल्याशिवाय कुणी मोकळं होत नाही, हे तुम्हीच दुसऱ्यांना सांगता ना?"

"दुसऱ्यांना राजानं शब्द दिला नव्हता!"

वसंतात राजाचा दूत शिक्क्याचं फर्मान घेऊन आला. विग्नांटनं सगळ्यांना चौकात बोलावलं, लेकरांना धुतलेले कपडे घालून पुढं उभं केलं. गडाचा पाद्री वाचू लागला. राजा आणि बिशप यांचा तह झाला होता. "गड, गिरणी, द्राक्षमळा, माशांची दोन तळी आणि विग्नांट, बायको-लेकरांसकट, बिशपांना कायमचे दान."

"फादर, पुन्हा वाचा."

पाद्र्यानं खाली मान घालून पुन्हा वाचलं.

"महाराजांनी मला शब्द दिला होता," विग्नांट म्हणाला.

दूत हसला. "कुणी ऐकला?"

"मी ऐकला."

"तू तर दिलेल्या मालात आहेस. मालाची साक्ष कोण धरतो रे?"

दूताबरोबर आलेला बिशपचा सरदार पुढं आला. याच माणसानं सात महिने तटावर दगड डागले होते. "किल्ल्या, कारभारी. भिंती छान राखल्यास. आता आमच्यासाठी राख."

नाही म्हणावं, तर लेकरं चार गडांवर वाटली गेली असती. त्यानं किल्ल्या दिल्या. गेर्लिंटनं लेकरांना जवळ ओढलं.

राजा खोटारडा होता, त्यात विग्नांटचा काडीचा दोष नाही. पण तुम्हाला कुणी मोठा माणूस कोपऱ्यात घेऊन शब्द देत असेल, तर लाजू नका. तिथंच चार माणसांना हाक मारा आणि तोच शब्द त्याला पुन्हा मोठ्यानं बोलायला लावा.