दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

गुरुजींचा पाठ मी मोडला.

आज मंगळवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. ब्रह्मा घाटाच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलोय. नानागुरुजींना जाऊन आज तिथीने वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुरुजी घनपाठी होते, वेद सगळ्या पाठांसकट मुखोद्गत. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. माझं शुद्धलेखन त्यांनी घडवलेलं.

त्यांच्याकडे एकच रेकॉर्ड होती. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय गायकाची, सोल आणि फंक. वरच्या खोलीत राहिलेला परदेशी पोरगा भाड्याऐवजी प्लेअरसकट ठेवून गेला होता.

तिकडे ती लाखोंनी खपली म्हणे. "लोकांनी पैसे मोजले, आपली भाड्यात आली," गुरुजी हसून सांगायचे.

भाषा कळत नव्हती. पण गिटारचा ठेका ते हातावर धरायचे. वेद म्हणताना हात वर-खाली चालतो, तसाच.

नियम एकच. सुई ठेवली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही. तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"अर्धा पाठ राहिला की म्हणणारा तिथेच अडकतो रे."

मागच्या वर्षी त्यातलं एक गाणं रील्सवर सगळीकडे वाजू लागलं. जुन्या रेकॉर्डचे भाव चढले. गुरुजींना पेसमेकर सांगितला होता, म्हणून मी दिल्लीचं गिऱ्हाईक शोधलं.

गुरुजी लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

त्या माणसाला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकायचा होता. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं चालू असताना तो म्हणाला, "बस भइया, पैक कर दीजिए." कुरिअरवाला दारातच होता.

मी सुई उचलली.

गुरुजींचा हात हवेत राहिला.

रागावले नाहीत. "पहिल्यापासून लाव," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "कुरिअरवाला थांबलाय गुरुजी. संध्याकाळी मोबाईलवर लावून देतो."

संध्याकाळी ते दवाखान्यात होते.

चार दिवस त्यांचा हात चालायचा आणि एका जागी थांबायचा. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. मी ठेके मोजले. दर वेळी तीच जागा.

पेसमेकर बसवायच्या आदल्या दुपारी ते गेले. हात खाली ठेवताना मला जोर लावावा लागला.

वर्षभरात ती बाजू मोबाईलवर अकरा वेळा लावली. कधी जाहिरात, कधी नेटवर्क, कधी कुणाचा कॉल. प्रत्येक वेळी तिसऱ्या गाण्यातच तुटली.

दिल्लीवाल्याकडे रेकॉर्ड परत मागितली. तो म्हणाला, "अब तिगुना लगेगा."

गुरुजींना अर्धा हिशेबही चालत नसे.

रेकॉर्डचे आले: बत्तीस हजार.
तपासण्या, खोली, औषधं: एकवीस हजार चारशे.
घाटावरचं सगळं: दहा हजार सहाशे.
जाहिरातीशिवायचं ॲप, आज घेतलं: एकशे एकोणीस.
देणं: एक बाजू, बावीस मिनिटं.

साडेसहाला लावतोय, पहिल्यापासून. बाजू संपेपर्यंत मला कुणी फोन करू नका.

नमस्कार करतो गुरुजी. संपलं की हात खाली ठेवा.