संक्रांतीला मोजलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय, कोण जाणे — पण सांगतोय.

वडवणीकडच्या आमच्याच गावात मी एका संस्थेचं काम बघायचो. गाव सुधारतंय की नाही, हे गावानंच कशावरून ओळखायचं, त्या खुणा ठरवायच्या — असं ते काम. सभा झाली. झाडं, शाळेत टिकलेली पोरं, जनावरांचा चारा... आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे विहिरीचं पाणी. ते कधी मोजायचं, एवढं मात्र संस्थेनं नंतर माझ्यावर सोडलं.

मी संक्रांतीचा सुमार धरला.

त्यात काय बिघडलं, म्हणाल? अहो, संक्रांतीला आमच्या गावात असतं कोण? दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. घरांना कुलपं. प्यायला माणूसच नाही, मग विहीर भरलेली दिसणारच की! हे मला ठाऊक नव्हतं? माझं निम्मं बालपण उसाच्या फडावर, सुंदरकाकूच्या पाचटाच्या कोपीत गेलंय. सुंदरकाकू म्हणजे माझी सख्खी चुलती — आईमागं तिनंच वाढवलं मला. ठाऊक होतं — म्हणून तर तो महिना धरला. संस्थेला सुधारलेलं गाव दाखवायचं होतं, अन् मला नोकरी टिकवायची होती.

वेशीवर पाटी लागली — पाण्याने स्वयंपूर्ण गाव. मला फेटा बांधला. खोटं कशाला बोलू, फेटा आवडला होता मला.

उन्हाळ्यात माणसं परतली, काकूही परतली, अन् विहिरीनं तळ गाठला. टँकर मागितला, तर तालुक्याहून उत्तर — तुमचं गाव तर स्वयंपूर्ण! मग काकू घागर घेऊन विहिरीत उतरली अन् पायरीवरून घसरली. खुबा मोडला. तिचा कोयता तेव्हापासून कुडाला खोचलेला आहे.

खाटेवरून तिनं विचारलं, "तू व्हतास ना रे सभेत? कावून आसं मोजलं त्यांनी?"

मी म्हणालो — काय म्हणालो मी? "वरच्यांनी ठरवलं, काकू. मी लई भांडलो."

आजही पारावर कुणी त्या पाटीवरून शिव्या घातल्या, की काकू काठी आपटते. "आमचं पोरगं लई भांडलं त्यांच्याशी," म्हणते, "एकटं भांडलं."

मी शेजारीच बसलेला असतो. मान डोलावतो.