नळीत जगवलेला ताप

दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात एकच भुंगा: हिवतापाचे जंतू रोग्याच्या अंगाबाहेर, काचेच्या नळीत वाढवून दाखवायचे. रक्त काढायचं, ते गोठू नये म्हणून काचेच्या मण्यांबरोबर हलवायचं, किंचित द्राक्षसाखर घालायची आणि नळी तापाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवायची. पाण्याखालची शेगडी सांभाळायचं काम माझ्याकडे. अट एकच: रक्त हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या देण्याआधीचं हवं. रोगी समोर कुडकुडतोय आणि आम्ही मणी हलवतोय! माझं डोकं फिरायचं.

पावसाळा सरता सरता ब्राह्मणपुरीहून माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या सासूनं बैलगाडीत घालून आणलं. ताईला बसवतही नव्हतं. डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं, मग गोळ्या दिल्या. घरी ढोरं उपाशी म्हणून म्हातारी तिला लगेच परत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी एकटीच आली. ताप हटत नव्हता. नेमके त्याच सकाळी नळीतले जंतू वाढलेले दिसले होते आणि डॉक्टर हरखून गेले होते.

"आजी, तुमच्या सुनेचं रक्त इथे अजून जिवंत आहे बरं का!"

कुणापुढे काय बोलावं, याला काही ताळतंत्र? म्हातारीनं नळीला बोट लावलं आणि माझ्याकडे वळली.

"वहूनं रगत आठे तपी ऱ्हायनं, मंग तठे ताप कसा उतरी?"

हे थंड होत नाही तोवर औषध वाया घालवणार नाही, असं तिनं बजावलं. आम्ही दोघांनी परोपरीनं समजावलं. तिनं मान डोलावली, नव्या गोळ्या पदराला बांधल्या आणि निघून गेली.

तिची ती मान डोलावणी मला ठाऊक होती. डॉक्टरांना म्हटलं, ओतून टाका ते. ते म्हणाले, "उद्या. आज मोडलं तर सगळी मेहनत पाण्यात."

मी नळी उचलली आणि तडक ब्राह्मणपुरीची वाट धरली. मागून ते ओरडत होते. ओरडू देत.

म्हातारी ताईच्या उशाशी बसली होती. पदराची गाठ तशीच होती. मी नळी तिच्या हातात दिली. वाटेत ती पार निवली होती. म्हातारीनं ती गालाला लावून पाहिली, तिचं समाधान झालं, आणि गाठ सोडता सोडता तिनं ताईच्या कपाळावर हात ठेवला. मी तोवर ताईचं मनगट धरलं होतं. नाडी लागत नव्हती.

"देख भाऊ," म्हातारी हसून म्हणाली, "उतरना ताप."