खिडकीतल्या जमिलाबाई

मला गोड लिहिता येत नाही. गौरव समितीनं तरीही हा लेख माझ्या गळ्यात मारला आहे, तेव्हा जे होईल ते समितीनं भोगावं. पण डॉ. जमिला शेख यांची साठी साजरी होत असताना गप्प बसणंही मला जमलं नसतं.

मी नागभीडचा. चंद्रपूरच्या आमच्या कर्करोग संशोधन केंद्रात तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आलो, त्या सकाळी सामायिक सेवा विभागाच्या खिडकीवर वाद चालला होता. एका बड्या शास्त्रज्ञांना आपल्या काचेच्या बाटल्या सगळ्यांच्या आधी धुऊन हव्या होत्या. खिडकीआड पांढरा कोट घातलेल्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "रांगेत ठेवा सर. बाटलीला पदवी नसते." सर फणफणत गेले, बाटल्या मात्र रांगेतच राहिल्या. मी मनात म्हटलं, वा रे वा, इथी आपलं जमते!

आमचा विभाग करतो काय, असं बाहेरचे लोक विचारतात. केंद्रातल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला लागणारी आणि कोणा एकाची नसलेली सगळी कामं आम्ही करतो. काच धुणं, निर्जंतुक करणं, शीतपेट्या राखणं, रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे पापुद्र्यासारखे काप काढणं, सूक्ष्मदर्शकं नीट ठेवणं. लग्नपत्रिकेत वाढप्यांची नावं नसतात, तशी शोधनिबंधांत आमची नसतात. मला याचा राग येतो. बाईंना कधीच आला नाही.

त्याचं मूळ त्यांच्या घरात आहे. बाईंचे वडील चंद्रपुरात भांड्यांना कलई करत. ते म्हणत, भांडं सावकाराचं की मजुराचं हे पाहून कलई जाड-पातळ होत नसते. बाई पुढे शिकल्या, मोठ्या शहरांत राहिल्या, तिथून बोलावणी येत असतानाही परत आल्या आणि हीच कलई त्यांनी प्रयोगशाळेत चालवली. कोणी त्यांना परत येण्याचं कारण विचारलं, तर त्या एवढंच सांगत, "आपल्याकडचे लोक खर्रा खातात ना भाऊ."

सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या या खर्ऱ्यावर त्यांनी कोणाला भाषण दिलेलं मी ऐकलं नाही. गॅसचे सिलिंडर आणणारे रमेशभाऊ एकदा गालात खर्रा धरून आत आले. बाईंनी त्यांना थुंकून, चूळ भरून यायला सांगितलं आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हे काय होय बाई?" रमेशभाऊंनी विचारलं. "गाल होय. तुमच्यासारख्याच मानसाचा." रमेशभाऊंनी खर्रा पुरता सोडला असं मी छातीठोक सांगणार नाही. आमच्या आवारात मात्र त्यांनी पुन्हा पुडी उघडली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातल्या सुमनबाई या धानाच्या शेतकरी. रोवण्याच्या दिवसांत गावातल्या बाया गात गात धान लावतात, तेव्हा पहिली ओळ उचलणाऱ्या त्याच. त्यांच्या जिभेच्या कडेला जखम झाली आणि भरेना. तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांनी जखमेचा छोटा तुकडा काढला, औषधी द्रवाच्या बाटलीत घातला आणि त्यांचे यजमान देवरावभाऊ ती बाटली घेऊन आमच्याकडे निघाले. हा द्रव मांस सडू देत नाही. त्याचा वास मात्र नाकाडोळ्यांतून पाणी काढतो, आणि बाटलीचं झाकण सैल होतं.

जीपमधले लोक भडकले. "काय भरून आनलं बे? मारतं काय आमाले?" देवरावभाऊ बिचारे ओशाळले. वाटेत जीप थांबली तेव्हा त्यांनी तो घाणेरड्या वासाचा द्रव फेकला, बोरिंगच्या पाण्यानं बाटली दोनदा खळखळून भरली आणि खिडकीवर येऊन अभिमानानं म्हणाले, "खराब पानी फेकलो बाई, चांगलं भरून आनलो."

माझं डोकंच फिरलं. पाण्यात तो तुकडा नासत होता. तो वाया गेला असता तर पुन्हा जिभेचा तुकडा काढावा लागणार होता, आणि देवरावभाऊ निघतानाच सुमनबाईंनी त्यांना बजावलं होतं की आता जिभेला कोणाला हात लावू देणार नाही. मग गाठ वाढली असती, आणि जिभेसकट जीवही गेला असता. मी तोंड उघडणार तोच बाईंनी हातानंच मला थांबवलं.

त्यांनी देवरावभाऊंना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "पानी कुठी बदललं भाऊ? मूल गाव यायच्या आधी का नंतर?"

"मूल सोडल्यावर. काऊन बाई? चुकलं काय?"

"तुमी मनानं चांगलंच केलं. मले फक्त खरं सांगा."

त्या वेळी कोणी ओरडलं असतं, तर देवरावभाऊंनी भीतीनं काहीतरी ठोकून दिलं असतं. त्यांनी खरं सांगितलं म्हणूनच बाईंना कळलं की निम्म्याहून जास्त वाटेत तुकडा द्रवात होता आणि त्याचा बाहेरचा थर टिकला असणार. तुकडा लगेच ताज्या द्रवात गेला. तो पुरता मुरून मेणात बसल्यावर काप काढायच्या यंत्रावर घ्यायची वेळ आली, तेव्हा यंत्र त्या आठवड्यात दुसऱ्यांच्या नावावर होतं. तेच बाटल्यांवाले सर! त्यांच्या निबंधाची मुदत जवळ आली होती. बाईंनी तरी आमचा तुकडा आधी लावला, तेव्हा ते रागारागानं खिडकीवर आले, "आता कुठे गेली तुमची रांग?"

रांगेचा नियम बाईंनी स्वतः मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. "सर, निबंध पुढच्या आठवड्यातही लिहिता येईल. या रुग्णाची गाठ तोवर थांबणार नाही." आणि खरं सांगतो, यंत्राजवळचे आपले मेणाचे ठोकळे सरांनी स्वतःच्या हातांनी उचलून नेले. त्यांचंही मला कौतुक वाटलं.

काप बाईंनी स्वतः काढले. पहिले काही फाटले. त्या चिडल्या नाहीत, पातं बदलून पुन्हा बसल्या. शेवटी एक अखंड निघाला आणि त्यात जिभेचा वरचा पापुद्रा स्पष्ट दिसला. कर्करोगच होता, पण नुकता सुरू झालेला. शस्त्रक्रियेत जिभेची फक्त कड गेली.

त्यानंतर बाई शिबिरांना स्वतः जाऊ लागल्या. ब्रह्मपुरीपासून पार एटापल्लीपर्यंत, जंगलातल्या गावांत गोंडी बोलणारं माणूस सोबत घेऊन. बाटली नेणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, "वास वाईट आहे, पन हा राखनदार होय. वास गेला म्हनजे राखनदार गेला." आता त्या भागातल्या जीपवाल्यांनाही हे पाठ आहे. बाटलीवाल्याला ते खिडकीजवळ बसवतात.

मागच्या तपासणीला सुमनबाई आल्या होत्या. बोलणं किंचित बोबडं झालं आहे, पण धार तीच. आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला आमच्यासमोर झापलं, "याले कोनं सांगतलं होतं पानी बदलाले? जीपवाल्याची लाज, अन् माह्या जिभेची नाई!" देवरावभाऊ मान खाली घालून हसत होते. जमिलाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मी सुमनबाईंना सांगितलं की बाईंची साठी आली, काही शुभेच्छा द्या, मी लिहून घेतो.

"साठच? मंग अजून लय रोवने पाहाचे आहेत त्याहिले," त्या म्हणाल्या. मग लगेच, "बाईनं माही जीभ त्या यंत्रातून पाह्यली. तिचं गानं तं आयकलंच नाई. यंदा घेऊन या न बाईले धानाच्या बांधीवर. मी म्हनतो गानं."

माझ्या शुभेच्छा याहून वेगळ्या नाहीत. बाईंचे गुडघे चिखलातल्या धुऱ्या-बांधांवरून चालण्याइतके खणखणीत राहोत, कान तीक्ष्ण राहोत, आणि असे पुष्कळ रोवणे त्यांना लाभोत. यंदाची जीप मी ठरवून ठेवली आहे. जमिलाबाई, खिडकी एक दिवस मी सांभाळतो. तुम्ही जा, तिकडे पहिली ओळ उचलायला माणूस तयार आहे.